खालच्या दोन ओळींचा ठसा

आजवर माझ्या हातून जे लिहून झालं ते सगळं उभ्यानं वाचायसाठी. बाजाराच्या दिवशी, मोटारीच्या अड्ड्यावर, जिनिंगच्या फाटकाशी वाटायची पत्रकं. पत्रकाचा नियम एकच: वाचणारा पुढं निघून जायच्या आत त्याचं मानगूट धरायचं. म्हणून पहिली ओळ जाड टायपात आणि शेवटी उद्गारचिन्हांची रांग. पुरावा मागायला कोणी थांबत नसे. पन्नास माणसं जमली की आम्ही ‘हजारो बांधव’ छापायचो, आणि समोरचे लोक त्याच पन्नासांना ‘चार टवाळखोर’ म्हणायचे. खोटं दोन्हीकडून सारखंच बोललं जायचं, त्यामुळं कुणाचं मन खात नसे.

अशा माणसावर संशोधनाच्या त्रैमासिकाला लेख पाठवायची पाळी आली. हौसेनं नाही. पाण्यापायी.

आमचं गाव मंगरूळपीरच्या बाजूचं. सकाळी निघालं तर ऊन चढायच्या आत मंगरूळला पोचावं, एवढं जवळ. गावात एक पायऱ्यांची दगडी बारव आहे. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी तळ दाखवू लागल्या की अख्खं गाव या बारवेवर जगतं. आम्ही महार. आमच्या बायांनी घागर घेऊन बारवेच्या तोंडाशी चिंचेखाली उभं राहायचं आणि पायऱ्या चढून येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणायचं, “पानी वाढा वो माय.” कोणी वाढलं तर वाढलं. माझी माय रोज तिथं उभी राहायची. मॅट्रिक होऊन अकोल्याच्या बोर्डिंगातून मी घरी आलो, इंग्रजीत अर्ज लिहायला लागलो, भाषणं ठोकायला लागलो, आणि त्याच भाषणांचं घसा ओला करायचं पाणी मायनं भीक मागून आणलेलं असायचं. हे मी विसरलेलो नाही आणि कोणाला विसरूही देणार नाही.

आम्ही जिल्हा बोर्डाकडं अर्ज केला: बारव सार्वजनिक आहे, आम्हाला उतरू द्या. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज उलटा-पालटा करून पाहिला.

“सार्वजनिक कशावरून? तुमचे पाटील तर म्हणतात, त्यांच्या वाडवडलांनी बांधली.”

“आत दगड आहे. त्याच्यावर लिहिलेलं आहे, पाण्याला जाणारे सांगतात.”

“काय लिहिलंय?”

“ते वाचायला आत जावं लागते. आम्हाला जाऊ देत नाहीत. म्हणूनच तर अर्ज आहे.”

कारकुनाला हे फार गमतीचं वाटलं असावं. तो म्हणाला, “दगड काही फायलीला लावता येत नाही, बाबा. कुठं छापून आलं असेल, विद्वानांनी मान्य केलेलं असेल, तर जोडा. तुमची पत्रकं नकोत. ती माझ्या घरी पुष्कळ आहेत, मुलगी पतंग करते.”

बोर्डिंगाच्या वाचनालयात पुण्याकडच्या एका त्रैमासिकाचे जुने अंक असायचे. गावोगावचे शिलालेख, ताम्रपट, सनदा असलं त्यात छापून यायचं. मी अकोल्याला जाऊन अंक काढला. पाठीमागच्या पानाच्या आत लेखकांसाठी सूचना होत्या. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. डावीकडे रुंद समास सोडावा. आधार दिल्याशिवाय विधान करू नये. विशेषणे आवरावीत. शिलालेख असल्यास त्याचा स्पष्ट ठसा जोडावा. आणि शेवटी: लेखकाने मूळ शिळा स्वतः पाहून वाचली असल्याचे सही करून लिहावे.

पहिल्याच सूचनेला माझं डोकं तडकलं. लढाईचे दिवस, कागद मिळेना, आम्ही जुन्या पत्रकांच्या पाठीवर नवीन पत्रकं लिहीत होतो, आणि हे लोक पाठ कोरी ठेवा म्हणतात! शेवटच्या सूचनेकडं तेव्हा माझं नीट लक्षच गेलं नाही. लक्ष गेलं असतं तर मी तिथंच अंक मिटून ठेवला असता.

मंगरूळला दर्ग्याच्या वाटेवर एका जिल्दसाजाचं दुकान होतं. वह्या, कुराण, पोथ्या, कोर्टाच्या फायली, सगळ्यांना तो एकाच सुईनं शिवायचा. आमची पत्रकंही तोच कापून द्यायचा, आणि कापता कापता वाचून त्यांची चेष्टा करायचा. वयानं माझ्या बापाच्या बरोबरीचा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो. तो मला लीडर म्हणायचा. कागद, खळ, शाई यांची त्याला समज होती, आणि बारवेत उतरायला त्याला कोणी अडवणार नव्हतं. मुसलमान पाणी भरत होते.

“ठसा म्हंजे क्या रे, लीडर?”

मी अंकात वाचलेलं त्याला सांगितलं. दगड धुवायचा. पातळ कागद भिजवून त्यावर चिकटवायचा. कुंच्यानं थापायचा, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचेत शिरतो. मग वाळू द्यायचा, शाईची पुरचुंडी हलकेच टेकवत जायची, आणि कागद सोलून काढायचा. अक्षरं पांढरी, बाकी काळं.

“इतनाच? मैं समझा कुछ इलम का काम है.”

बाजाराचा दिवस टाळून आम्ही गेलो. तो आत, मी चिंचेखाली. माझ्याच लेखाचा दगड, आणि मी वरून ओरडतोय, “चाचा, कागद वाळू द्या! घाई नका करू!” खालून त्याचा आवाज घुमत यायचा, “तू चुप बैठ, मेरेकू कागज मत सिका!” पाण्याला आलेल्या बाया पायऱ्यांवर थबकल्या. एकीनं विचारलं, “काय करून राह्यले जी हे?” दुसरी म्हणाली, “दगडाले आंघोय घालून राह्यले.” हसणं झालं, मग कुजबुज झाली. बायांची गर्दी वाढली तसा चाचा बुजला. बायामाणसांच्या वाटेत पुरुषानं बसून राहावं हे त्याला पटेना. खालचा भाग ओला असतानाच त्यानं कागद सोलला आणि वर आला.

दुकानात आम्ही तो पसरला. वर सूर्य-चंद्र, मधे गाय-वासरू, त्याखाली मजकूर. जुनी बाळबोध अक्षरं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून भिंग मागून आणून मी कितीतरी दिवस त्यावर डोळे फोडले. वाटसरूंसाठी आणि गुरांसाठी बारव खणली. पाणी गावच्या समस्त लोकांना. या पाण्याला जो आडवा येईल त्याला शिवी. शिवी अशी, की गाढव आणि आई यांचा संबंध जोडून ती दगडावर खोदलेली, कोणी लाजलेलं नाही.

चाचा हसून हसून सुईवर बसायचा राहिला. “अरे ये तो तेरा पर्चा है रे! तू पैलेबी यहां आया था क्या?”

पण माझं हसू लवकर आटलं. ‘समस्त लोक’ म्हटल्यावर पाटील काय म्हणणार ते मला पाठ होतं. समस्त म्हणजे गावातले. तुम्ही गावात कुठं? तुम्ही तर गावकुसाबाहेर. आणि शिवीच्या खाली आणखी दोन ओळी होत्या, त्यांत ‘गावकुस’ एवढं लागत होतं. पुढं सगळं भुरकं. त्याच दोन ओळींत आमची घागर होती.

मी लेख लिहायला बसलो. दिवसा चाचाच्या दुकानात, कारण टेबल त्याच्याकडं होतं. पत्रक लिहायला मला एक विडी ओढायला लागतो तेवढा वेळ पुरे व्हायचा. हा लेख काही केल्या उभा राहीना. पहिलंच वाक्य मी लिहिलं, “पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी माणसाला पाण्यावाचून मारलं त्यांच्याच अंगणात हा दगड ओरडतो आहे!” आधार काय? दगड ओरडतो याला आधार नाही. काट मारली. मग “नीच कारस्थान”, काट. “हरामखोर वतनदार”, काट. चाचा वाकून पाहायचा आणि म्हणायचा, “तेरा लेख तो रोजे रखके बैठा दिखता.” शेवटी राहिलं ते असं: बारव अमुक दिशेस आहे, शिळा अमुक हात लांब आहे, लेख इतक्या ओळींचा आहे. वाचून मलाच वाटलं की हे कोण मेलेलं माणूस लिहितंय. पण दोन-तीनदा वाचल्यावर दुसरंच वाटायला लागलं, की या वाक्यांवर भांडायला येणाऱ्याला हात घालायला जागा नाही. त्या वाटण्यानं मी घाबरलो, कारण यात कुठं एक जरी सैल वाक्य राहिलं तर नेमकं तेच पकडतील.

भुरक्या ओळींसाठी मी अंदाज बांधला आणि लेख धाडला. उत्तर आलं. सभ्य, थोडक्यात. विषय महत्त्वाचा आहे. खालच्या दोन ओळींचा वाचनीय ठसा पाठवावा, अंदाज छापता येणार नाही. तसंच शिळा स्वतः पाहून वाचल्याचं निवेदन लेखासोबत आढळलं नाही, ते सहीनिशी पाठवावं.

मी ते पोस्टातच उभ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. पुण्यात बसून लिहायला काय जातं? स्वतः पाहा! माझ्या घरापासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ तो दगड आहे, आणि मी जन्मल्यापासून तो पाहिलेला नाही. हे त्यांना कोणी सांगायचं?

घरी आलो तर माय दारात बसलेली. घागर रिकामी.

“पान्याची जागा दूर केली आता,” ती म्हणाली. “चिंचेखाली नाई उभं राह्याचं. तिकडं खारीच्या बांधाशी उभं राहा म्हनते.”

“काहून?”

“देव निंघाला म्हने बारवीत. तुह्या त्या चाचानं धुतला ना दगड. तो गेला आन बायाइनं पाह्यलं, गाय-वासरू हाय, सुर्व्या-चंद्र हाय. शेंदूर लावला, नारय फोडलं. आता देवापाशी आमची सावली चालत नाई. चिंचीपसून बांधापावतर हटवलं आमाले. तुह्या कागदानं.”

शिलालेख शोधून आमची जागा पुढं सरकायची होती, ती मागं सरकली होती. आता आमच्या बाया गावालगतच्या त्या वावराच्या बांधावरून ओरडायच्या आणि पाणी वाढणारीला तेवढं चालत यावं लागायचं. कोण येतं? आधी पाच हाका मारून मिळणारी घागर आता अर्धी सकाळ गेली तरी भरेना.

चाचाकडं गेलो. त्यानं सुई खाली ठेवली. चेष्टा केली नाही, त्यावरून मी समजलो.

“अब तो वो भगवान हो गया, बेटा. अब मैं उसको हात लगाया तो मंगरूळ से वाशीम तक दंगा होएंगा. पत्थर था तब तक मेरा काम था.”

महारवाड्यातली जाणती माणसं आमच्या ओट्यावर जमली. एक म्हातारे होते, वाड्याचा त्यांच्या शब्दावर फार भरवसा. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांना मी संपादकांची अट समजावून सांगितली.

“मंग लिवून टाक ना,” आबा म्हणाले. “पाह्यला म्हनून लिव. पुन्यावून कोन येते पाह्याले?”

“खोटं लिहू?”

सगळे हसले. आबा म्हणाले, “पत्रकात तू हजारो लिवते. मी सोता होतो त्या सभेत. मह्यासंग मोजून साठ लोकं होते, त्यात पाच पोलीस. तवा हात नाई थरथरला तुहा. आन आता एका दगडाले भेऊन राह्यला?”

टोला बरोबर बसला. मी घरात गेलो, कोरा कागद काढला, एकाच बाजूस लिहिलं: “ही शिळा मी स्वतः पाहून वाचली आहे.” सही करायची तेवढी बाकी. आणि तेव्हा मला ते दिसलं. हे छापून आलं, बोर्डाच्या फायलीला लागलं, की पाटलांचा वकील ते सगळ्यांत आधी वाचणार. विचारणार, तू कधी पाहिलीस? पाहिली नाही म्हटलं तर मी लबाड, आणि माझ्याबरोबर लेख लबाड, ठसा लबाड, दगड लबाड. पाहिली म्हटलं तर मी बारवेत उतरलो अशी माझ्याच सहीची कबुली. बारव बाटवली म्हणून गाव आमचं पाणी तोडणार. म्हणजे न केलेल्या गोष्टीची शिक्षा सगळ्या वाड्याला. एका ओळीत दोन्हीकडून फास.

कागद मी फाडला नाही, कागद महाग. तो तसाच ठेवला, सही न करता, आणि त्याच्याकडं पाहत राहिलो. त्या दिवसांत दार वाजलं की वाटायचं संपादकांचं दुसरं पत्र, की आता नकोच तुमचा लेख. मायनं विचारलं, “बिमार हाय का?” मी म्हटलं, “नाई.” ती म्हणाली, “मंग तोंड कायले असं करून राह्यला? पानी तर आमी आनतो.”

शिक्षा होणारच असेल तर निदान केलेल्या गोष्टीची होऊ दे, एवढाच विचार मी केला. मोठा काही नाही. चाचाला सांगितलं. त्यानं पातळ कागद, कुंचा, शाईची पुरचुंडी एका फडक्यात बांधून दिली आणि दुकानाच्या भिंतीवर कागद थापून मला एकदा करून दाखवलं. “जल्दी मत कर. मैंने जल्दी की, उसका देख क्या हुआ. सूखे बिगर मत निकाल.”

दुपारी बारवेवर कोणी नसतं. माणसं रानात, बाया घरात. मी चिंचेजवळ आलो. चिंचेच्या पुढं मी कधीही पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि पाय खरोखर थांबले. कोणी अडवलं नाही, कोणी नव्हतंच. तरी थांबले. मला स्वतःचीच चीड आली. भाषणात मी किती वेळा म्हटलं असेल की बेड्या तोडा! बेडी कुठं असते ते त्या दिवशी कळलं.

उतरलो. आत गारवा. पायऱ्या मधे झिजून खोलगट झालेल्या, कोनाड्यांत पारवे. आपल्याच गावात आपल्याला माहीत नसलेली एवढी मोठी जागा होती आणि सगळं गाव ती रोज तुडवत होतं. कोनाड्यात शिळा. सूर्य-चंद्र आणि गाय-वासरू शेंदरात बुडालेले, नारळाच्या शेंड्या, आंबलेल्या खोबऱ्याचा वास. तेल ओघळून अक्षरांत शिरलं होतं आणि अक्षरं उलट उठून दिसत होती. खालच्या दोन ओळी पार जमिनीलगत. तिथं शेंदूर पोचलेला नव्हता. मी पालथा पडलो आणि वाचल्या. गावकुसाच्या आतले आणि गावकुसाबाहेरचे. सरळ लिहिलेलं होतं. कोणाला अंदाज बांधायची गरज नव्हती.

दगड पुसला, कागद भिजवला, चिकटवला, थापायला लागलो. थापेचा आवाज बारवेत असा घुमायचा की मला वाटलं मंगरूळला ऐकू जाईल. कागद खाचेत बसला. आता वाळायची वाट पाहायची.

तेवढ्यात वर पावलं वाजली. पाटलांच्या घरातली म्हातारी, हातात नैवेद्याची वाटी, पायऱ्या उतरत होती.

“कोन व्हय रे?”

मी उठून बसलो. लपायला जागा नव्हती. “मी वाचून राह्यलो, आजी.”

“काय वाचते?”

“पानी कोनाचं हाय ते.”

“मले मालूम हाय पानी कोनाचं,” म्हातारी म्हणाली. “तुले मालूम नाई म्हनून तुले वाचा लागते.” आणि ती वळून वर गेली, आणि तिनं ओरडायला सुरुवात केली.

कागद ओला होता. आता सोलला तर चाचाचंच होणार. मी बसून राहिलो. जगात एवढा सावकाश वाळणारा कागद मी पाहिलेला नाही. वर माणसं जमायला लागली. आधी शिव्या आल्या. त्या मला पाठ होत्या. मग कोणीतरी म्हणालं, ओढून काढा त्याला. पण ओढायचं तर शिवावं लागलं असतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडं पाहायला लागला. मग एक ढेकूळ आलं, माझ्या खांद्याला लागून पाण्यात पडलं. दुसरं आलं ते कोनाड्याच्या कडेला फुटलं, तशी म्हातारी किंचाळली, “मेल्याहो, देवाले लागन ना!”

त्यानंतर ढेकूळ आलं नाही. ज्या शेंदरानं मायची जागा बांधावर नेली त्याच शेंदराच्या आडोशाला बसून मी बोटानं कागद चाचपत होतो. अजून ओला. अजून ओला. तोंडाला कोरड पडलेली, आणि हाताच्या अंतरावर पाणी. पण पिण्याचं सुचलंच नाही. शेवटी कागद कडेनं आपणच उचलायला लागला. शाई टेकवली, दोन ओळी पांढऱ्या उभ्या राहिल्या, कागद सोलला, गुंडाळी करून सदऱ्याच्या आत घातली आणि वर चढलो. माणसं बाजूला झाली. मला वाट दिली म्हणून नाही, माझा स्पर्श होऊ नये म्हणून. पाठीत मात्र काठी बसली. काठीला विटाळ होत नसावा.

त्याच सांजेला दवंडी झाली. बारवेचं पाणी वाड्याला बंद. वरून वाढायचंही नाही. आमच्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करू लागल्या. वाटीवाटीनं पाणी निघायचं, गढूळ. वाड्यात माझ्याशी कोणी धड बोलेना. आबा दिसले की मान फिरवायचे. मी मंगरूळला जाऊन लेख पुन्हा लिहून काढला, खालच्या ओळींचं वाचन घातलं, आणि जपून ठेवलेल्या त्या कागदावर सही केली. आयुष्यात इतकं लहान आणि इतकं महाग वाक्य मी लिहिलेलं नाही. पाकीट रजिस्टर केलं. परत येताना पाठ ठणकत होती आणि डोक्यात एकच: ठसा चुरगळला तर? पोस्टात हरवला तर? संपादकांना आणखी काही खुपलं तर? आणि इकडं रोज वाळूतलं पाणी खाली खाली जात होतं.

पुढं काय झालं ते सांगतो, म्हणजे कोणी विचारायला नको. लेख छापून आला, फार उशिरा, शिवी गाळून. तोवर कचेरीतल्या त्या कारकुनाची बदली झालेली होती. फौजदार, तारखा, जबान्या हे सगळं आमच्या पत्रकांत आलेलं आहे. ते तिथं वाचावं, उद्गारचिन्हांसकट. इथं त्याचं काम नाही.

पाकीट टाकून आलो त्या दिवशी दुपारी मी मायला हात द्यायला झिऱ्यावर गेलो. वाड्यातल्या आणखी बाया होत्या, वाट्या घेऊन वाळूत बसलेल्या. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. माय वाटी बुडवत होती.

“धाडलं का?”

“धाडलं.”

“काय लिवलं त्यात?”

“मी सोता पाहून वाचलं म्हनून.”

“आन काय लिवलं हाय त्या दगडावर?”

“सांगितलं होतं ना माय. तवाच सांगितलं होतं.”

“तवा तू चाचाच्या कागदावून सांगत होता,” ती म्हणाली. “लोकायच्या कागदावून लय गोष्टी सांगते तू. आता तू पाह्यलं. आता सांग.”

मी सांगितलं. वाटसरू, गुरं, गावकुसाच्या आतले, बाहेरचे. जसं होतं तसं, एक शब्द वाढवला नाही. शिवीही सांगितली. एक तरणी बाई तोंडावर पदर धरून हसली. बाकीच्या वाट्या थांबल्या होत्या.

“बाहेरचे, असं हाय?” एकीनं विचारलं.

“हो.”

“तुह्या डोयानं पाह्यलं?”

“पालथा पडून पाह्यलं, काकू.”

मायनं वाटीतलं गढूळ पाणी परत वाळूत ओतलं. रिकामी घागर उचलली, डोक्यावर चुंबळ नीट केली आणि काठ चढू लागली. मी समजलो नाही. तिच्या मागं ती काकू उठली, मग ती हसलेली. मी म्हणायला लागलो की माय, छापून येऊ दे, बोर्डाचा हुकूम येऊ दे, आता गेलात तर मारतील. मला भीती वाटत होती, खरी भीती, बारवेत बसलो होतो तेव्हापेक्षा जास्त. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

खारीचा बांध गेला. चिंच गेली. भर दुपारची वेळ, तरी कोणीतरी पाहिलंच, हाका सुरू झाल्या. पायऱ्यांच्या तोंडाशी पाटलांची म्हातारी काठी टेकून आडवी उभी राहिली.

माय तिच्यासमोर थांबली. घागर कमरेवर घेतली.

“सरका वो आजी बाजूले,” ती म्हणाली. “आमी उतरून राह्यलो. तुमाले धक्का लागन.”